कन्नडमध्ये भांडायला लावणारे सर

आमच्या सरांचा कुलपावर पूर्ण विश्वास होता, स्वतःवर मात्र अजिबात नव्हता. संध्याकाळी केंद्राचं दार लावलं की ते कुलूप दोनदा ओढून बघत, जिना उतरून खाली जात, रस्त्यावर उभे राहून थोडा विचार करत आणि परत वर येऊन तिसऱ्यांदा ओढत. पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, "सर, कुलूप नवंकोरं आहे." तर म्हणाले, "कुलूप चांगलंच हाय गं. लावणारा कसा हाय, ते मला ठाऊक हाय."

आणि अशा माणसाच्या दारावर पाटी होती, 'नात्यांतील विश्वासाच्या प्रश्नांवर सल्ला मिळेल'. कन्नड वर आणि मोठं, मराठी खाली आणि बारीक, इंग्रजी कुठेतरी कोपऱ्यात. रंग मात्र तिन्ही भाषांचा सारखाच उडालेला.

केंद्र शहापुरात, एका विणकराच्या घराच्या माडीवर. खाली दिवसभर यंत्रमाग चालत. मी पहिल्या दिवशी आले तेव्हा त्या खडखडाटानं माझं डोकं उठलं. इतक्या आवाजात कुणी मन मोकळं कसं करणार, असं मी विचारलं. सर म्हणाले, "ह्या आवाजातच करतंय. भाईर बाकड्यावर बसलेल्या माणसाला आतलं एक अक्षर ऐकू येत न्हाय. असली खोली बेळगावात शोधून दाव." एकच पंचाईत होती. लाईट गेली की माग थांबत आणि सगळ्या माडीवर चिडीचूप शांतता पसरे. मग सर तोंडावर बोट ठेवत. नवरा-बायको तोंडात आलेला शब्द तसाच धरून बसत आणि सर थर्मासमधला चहा ओतत. एकदा पाऊण तास लाईट आली नाही, तर एक जोडपं भांडण विसरून मुलीच्या परीक्षेबद्दल हातवाऱ्यांनी बोलायला लागलं. सरांनी त्या दिवशी वहीत काहीच लिहिलं नाही. "आज मी काय केलं न्हाय," म्हणाले.

मी येळ्ळूरची. मानसशास्त्रात एम.एस्सी. करून सरांच्या हाताखाली शिकायला आलेली. सगळ्या उपचारपद्धती मला पाठ होत्या, म्हणजे त्यांची नावं पाठ होती. सरांनी जन्मभर हायस्कुलात विज्ञान शिकवलेलं. पन्नाशीत हे शिक्षण घेतलं आणि निवृत्तीनंतर दुकान मांडलं. दुकान हा त्यांचाच शब्द. येणाऱ्या बाईला ते 'आक्का' म्हणत, पुरुषाला 'आप्पा', मग तो आप्पा चोवीस वर्षांचा का असेना. मला 'बाई' म्हणत, आणि त्यातला मास्तरी टोमणा मला बरोबर कळायचा.

हे सगळं मी आता हसत सांगते आहे. पण ज्या वर्षाचं सांगते, त्या वर्षी माझा स्वतःचा संसार मोडायच्या बेतात होता आणि मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

झालं होतं असं. माझा नवरा उद्यमबागेत एका फाउंड्रीत सुपरवायझर होता. तिथलं काम त्याचं गेलं. तरी तो रोज सकाळी सातला मोटारसायकल काढून जात होता आणि सहाला येत होता. अडीच महिने. वडगावच्या आमच्या दोन खोल्यांत मी, तो आणि सासूबाई, आणि दोघींपैकी एकीलाही पत्ता नाही. मला कळलं ते सिटी बसमध्ये. त्याच्या जुन्या सोबत्याची बायको शेजारी बसली आणि म्हणाली, "आता कुठं लागले गं हे?" मी तिला म्हटलं, "कोण?"

पुढं त्याला उद्यमबागेतच दुसऱ्या कारखान्यात काम लागलं. त्यानं माफी मागितली. पण माझं मन जे विटलं ते विटलंच. मी त्याच्या शर्टाचा वास घेऊन बघायची, भट्टीचा येतो का. गाडीचे किलोमीटर बघायची. दुपारी व्हिडिओ कॉल करून "मागं काय दिसतंय ते दाखवा" म्हणायची. तो बिचारा मोबाईल फिरवून भिंत दाखवायचा, आणि हा इतकं ऐकून घेतो म्हणजे नक्कीच काहीतरी आहे, असं मला वाटायचं. दिवाळीपर्यंत बघायचं, नाही जमलं तर येळ्ळूरला कायमचं निघून जायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. आणि दिवसभर सरांच्या शेजारी बसून दुसऱ्यांना विश्वासाचे धडे देत होते.

सरांची सुरुवात ठरलेली असे. जोडपं आत येऊन बसलं की ते हॉटेलातल्या वेटरसारखं विचारत, "कुठनं सुरू करायचं? डोस्कं, काळीज, हात, का पाय?" माझ्या पुस्तकांत हेच मोठमोठ्या नावांनी दिलेलं होतं. डोकं म्हणजे मनात येणारे विचार कागदावर मांडून ते खरे आहेत का ते तपासायचं. काळीज म्हणजे रागाच्या खाली दडलेली भीती बाहेर काढून ती जोडीदाराला ऐकवायची. हात म्हणजे फार खोलात न जाता रोज एक बारकं वचन द्यायचं आणि पाळायचं, सहाला येतो म्हटलं की सहाला यायचं. आणि पाय म्हणजे आपण कुठून चालत आलो ते बघायचं, आईबापाच्या घरात कुणी आपल्याला पहिल्यांदा तोंडघशी पाडलं ते. "सगळे शहाणेच हाईत," सर म्हणत. "एक म्हणतो विचार तपास, दुसरा म्हणतो बालपण तपास. आणि बाई घरी जाऊन तपासती नवऱ्याचा खिसा." हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी खाली बघून पेनाचं टोपण लावत बसले.

लोक आपापल्या स्वभावानं निवडत. "हातापासनंच करा सर, लवकर हुतंय," असं म्हणणारे बहुतेक पुरुष. काळीज मागणाऱ्या बायका. पाय कुणालाच नको असत.

टेबलावर आरतीची एक घंटी ठेवलेली असे. भांडताना कुणी 'नेहमी' किंवा 'कधीच' म्हणालं की सर ती वाजवत, कारण त्यांच्या मते हे दोन शब्द घरात आले की तिथून पुढं फक्त खोटं बोललं जातं. पण आमच्याकडची माणसं. घंटी वाजली की आपोआप हात जोडतात. एक खानापूरकडच्या मावशी तर डोळे मिटून कानाच्या पाळ्या धरायच्या. "हे कधीच माझं ऐकत..." टण्, की मावशी गप्प, काका गप्प, दोघांचे हात छातीशी. सरांना हे अपेक्षित नव्हतं. पण चांगलं काम करतंय म्हटल्यावर त्यांनी घंटी कायमची ठेवली आणि तिला दर आठवड्याला चिंचेनं घासायचं काम माझ्याकडं आलं.

आता एका जोडप्याची गोष्ट. नवरा आमच्याच गावचा, येळ्ळूरचा. बेळगावात इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान. बायको खानापूरची, एका शाळेत शिक्षिका. तिनं मोबाईलचा पासवर्ड बदलला आणि ह्याच्या डोक्यात किडा शिरला. तो शिरला तो आठ महिने निघाला नव्हता. तो शाळेसमोर गाडी लावून थांबायचा. ती फोनवर बोलताना दाराआड उभा राहायचा. बायको म्हणत होती की अजून महिनाभर बघते, मग मुलाला घेऊन जाते. माझ्या दिवाळीसारखंच.

"डोस्क्यापासनं करा," असं तो म्हणाल्यावर सरांनी केस माझ्याकडं दिली. मला आनंद झाला. मी माझा आवडता कागद काढला. त्यावर तीन रकाने, काय घडलं, मनात काय आलं आणि त्याला पुरावा काय. ह्यातली खुबी अशी की माणूस तिसऱ्या रकान्याशी येऊन थबकतो, आपल्याजवळ पुरावा नाही हे त्याचं त्यालाच दिसतं आणि संशय सैल पडतो. पुस्तकात सगळे थबकतात. पण ती पुस्तकं लिहिणारे सीमाभागात राहिलेले नसतात. आमच्याकडं पुरावा गोळा करणं हे घराघरातलं काम आहे. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर भाषा कुठली, कुठल्या जुन्या उताऱ्यावर गावाचं नाव मराठीत आहे, ह्याची फाईल प्रत्येक घरी ट्रंकेत जपून ठेवलेली असते. अशा माणसाला मी सांगितलं, "पुरावा लिहून आणा."

पुढच्या आठवड्यात तो जाडजूड फाईल घेऊन आला. वर अनुक्रमणिका. आत शाळा सुटायची वेळ आणि बायको घरी पोचायची वेळ, तारखांसकट. मोबाईलच्या बंद पडद्याचे फोटो, प्रत्येकावर नंबर. शेजाऱ्याचा जबाब, खाली सही. "साक्षीदार भाईर बाकड्यावर बसवलाय," तो म्हणाला. "बोलवू काय?"

बायकोनं फाईलची चार पानं उलटली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. त्याला वाटलं गुन्हा कबूल झाला. मी माझा तीन रकान्यांचा कागद हळूच टेबलाखाली सरकवला. सर उठून आले, फाईल हातात घेतली आणि पान न पान बघितलं, अगदी परीक्षकासारखं.

"किती दिवस लागले रं आप्पा, ह्याला?"

"आठ दिवस. दुकान बंद ठेवून केलंय."

"ह्या आठ दिवसांत बायकोसंगं किती बोललास?"

तो फाईलच्या अनुक्रमणिकेकडं बघायला लागला.

"फाईल एक नंबर झालीया," सर म्हणाले. "खटला तू जिंकशील. जिंकल्यावर राहणार कुणासंगं?"

साक्षीदाराला चहा देऊन घरी पाठवलं. मी सरांची माफी मागायला गेले तर म्हणाले, "तुझा कागद वाईट न्हाय. लई जणांना उपेग हुतोय त्याचा. पण ह्याचं डोस्कं आधीच लई चालत हुतं, त्याला तू आणिक काम दिलंस."

मग सर पायाकडं वळले. हळूहळू विचारत, चार बैठकांत एवढं निघालं की हा सहा वर्षांचा असताना आई घरातल्या भांडणापायी माहेरी गेली होती. जाताना "बाजारला जाऊन येते" म्हणाली आणि वर्षानं आली. तो रोज संध्याकाळी वेशीवर जाऊन बसायचा. सांगताना त्याचा चेहरा कोरडा होता. "पण सर, त्याचा हितं काय संबंध?" असं त्यानं विचारलं. संबंध खोलीतल्या आम्हा तिघांना लख्ख दिसत होता, फक्त त्याला दिसत नव्हता. कळणं निराळं आणि वळणं निराळं, हे मला तिथं पहिल्यांदा उमगलं.

आणि मग सरांनी त्यांचं ते जगावेगळं औषध काढलं. "पुढच्या बुधवारी दोघांनी यायचं," ते म्हणाले, "आणि अर्धा तास कन्नडमधनं भांडायचं."

तो येळ्ळूरचा गडी ताडकन् उभाच राहिला. "कन्नड? सर, मी बाजारात बोलतो, बसमध्ये बोलतो, हपिसात नाइलाजानं बोलतो. घरातल्या बायकोसंगं न्हाय बोलणार. गावात कळलं तर काय म्हणतील?"

"खाली माग चालू हाईत. कुणाला कळतंय?"

"पण कशाला?"

"हे बघ आप्पा," सर म्हणाले, "मराठीत तुमच्याकडं भांडायला शब्द लई. आईकडनं आलेले, आज्जीकडनं आलेले. अर्ध्या वाक्यात माणूस आडवा हुतोय. कन्नडमध्ये तुमच्याकडं काय हाय? पायजे, नको, किती, कुठं, का. नवरा-बायकोला तेवढंच लागतंय. बाकीचं सगळं वरचं हाय."

आणि हे काही एका बाजूचं नव्हतं. कन्नड घरातलं जोडपं आलं की त्यांना सर मराठीत भांडायला लावत. भाषेचा अभिमान दोन्हीकडचा सारखाच दुखायचा. एक आण्णा तर "सर, ह्यापेक्षा घटस्फोट बरा" म्हणाले होते, पण पुढच्या खेपेला आले.

बुधवारी तो पहिली दहा मिनिटं भिंतीकडं तोंड करून बसला. बायकोचं कन्नड बरं होतं. तिनं विचारलं, "याक?" म्हणजे का. का माझ्या मागं लागलास. तो बोलायला तोंड उघडायचा आणि मिटायचा. मराठीत त्याच्याजवळ फाईलभर शब्द होते. इथं त्याला सापडेनात. सरांनी मनगटावरचं घड्याळ काढून पालथं ठेवलं. शेवटी तो तेच बोलला जे तो सासुरवाडीला जाताना बसस्टँडवर विचारायचा. 'खानापूरक्क होग्तदेनु', ही बस खानापूरला जाते का. फक्त त्यानं ते बायकोला विचारलं.

"नी होग्तीयेनु?" तू जाणार काय?

एवढंच. आठ महिन्यांच्या त्या सगळ्या धिंगाण्याखाली एवढंच होतं, आणि त्याचा आवाज सहा वर्षांच्या पोराचा झाला होता. मला गहिवरून आलं, मी लपवत नाही. बायकोनं आपली खुर्ची त्याच्याकडं वळवली. मग म्हणाली, "होगूदिल्ल." नाही जात. आणि पुढचं तिनं मराठीत सांगितलं, की ती भावाशी बोलत होती. लग्नात ह्याचं आणि भावाचं वाजलं होतं, ह्यानं त्याचं नावसुद्धा घरात काढायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून पासवर्ड. लगेच सगळं गोड झालं असं नाही. ते पुढं पाच महिने येत होते, आणि त्यानं मेहुण्याला जेवायला बोलावलं तेव्हाही दोघं जेवताना एक शब्द बोलले नाहीत म्हणे. पण जेवले.

ह्या सगळ्या काळात मी काय करत होते? वहीत टिपणं लिहीत होते. एका शनिवारी सरांनी माझी टिपणं वाचायला घेतली. वाचता वाचता चष्मा काढला, परत लावला. मग तीन पानं काढून माझ्यापुढं ठेवली. तीन वेगवेगळ्या बायकांच्या केसेस होत्या.

"बाई, ह्या बायका तीन हाईत," ते म्हणाले. "प्रश्न विचारणारी एकच हाय. तिन्हींना तू विचारलंईस की नवरा सांगतो तिथंच असतो हे तुम्ही तपासलं का. कोण तपासालंय घरी?"

मी रडले. सगळं सांगितलं. शर्ट, किलोमीटर, भिंत, दिवाळी. सांगता सांगता लाईट गेली आणि माग थांबले, तर सरांनी ह्या वेळी तोंडावर बोट ठेवलं नाही. बाकड्यावर कुणी नव्हतं.

"मी तुझा मास्तर," ते म्हणाले, "तुझा डॉक्टर मला हुता येत न्हाय. खानापुरात एक बाई हाईत, तुझ्यापरास शिकलेल्या, त्यांच्याकडं जा दोघं. पण मास्तर म्हणून एक सांगतो." आणि त्यांनी मला त्यांचं सांगितलं.

सरांचा गुरुवार मोकळा असायचा. गुरुवारी केस घ्यायची नाही, हा नियम होता, आणि कारण कुणालाच माहीत नव्हतं. गुरुवारी ते निपाणीला जात. तिथं त्यांची बायको राहत होती, माहेरच्या घरात. तरुणपणी सरांनी तिच्यावर संशय घेतला होता. ती दुसऱ्या शाळेत शिकवायची, यायला अर्धा तास उशीर व्हायचा. "मी एकदा सायकलवरनं तिच्या मागं गेलतो," सर म्हणाले. "ती देवळात जायची. नुसती बसायची, दहा-पंधरा मिनिटं. घरात तिला बसाय मिळत नव्हतं. माझी आई, माझी भावंडं, सगळ्यांचं करायची ती. परत येताना तिनं मला बघितलं. मी झाडामागं हुतो, सायकल धरून. ती काय बोलली न्हाय. भांडली असती तर बरं झालं असतं. पुढच्या जूनला बदली मागून घेतली निपाणीला, आणि गेली."

"मग?"

"मग काय. बघायचं म्हटलं की दिसतंच गं. मला एवढं दिसलं, एवढं दिसलं, की बायकोच दिसंना."

गेली अकरा वर्षं ते दर गुरुवारी चारच्या ठोक्याला तिच्या ओसरीवर हजर होत होते. चारला येतो असं सांगितलं होतं, म्हणून चारला. एस.टी. लवकर पोचली तर स्टँडवर थांबून राहत. ती चहा द्यायची, अर्धा तास इकडचं तिकडचं बोलायची, साडेचारला ते उठत. आत ये असं ती कधी म्हणाली नव्हती. हातापासून सुरुवात केलेला इतका लांबचा इलाज मी दुसरा पाहिला नाही. ह्याचा शेवट सांगायचा तर, सर आता निपाणीलाच वेगळी खोली घेऊन राहतात. दोन वर्षांपूर्वी ओसरीवरून आत सोप्यात प्रवेश मिळाला आहे. मागच्या महिन्यात फोनवर विचारलं, "स्वयंपाकघरात घेतात का?" तर म्हणाले, "घाई करू नकोस बाई."

पण त्या शनिवारी मी त्यांच्यावर चिडले होते. "सर, तुमची बायको निर्दोष होती. माझा नवरा खरंच खोटं बोललाय. अडीच महिने."

"म्हणूनच तुझं काम अवघड," ते म्हणाले. "माझं सोपं हुतं, मी नुसता गाढव हुतो. तुझं दोघांनी मिळून करायचं हाय. त्यानं खोटं का बोलला ते सांगायचं, आणि तू ते ऐकायचं. विचारलंईस कधी त्याला?"

मी दोनशे वेळा विचारलं होतं. पण मी विचारलं होतं ते असं, "का फसवलंत मला? एवढं कसं जमलं तुम्हाला?" ह्याला कुणी उत्तर देत नाही.

खानापूरच्या बाईंची वेळ पुढच्या आठवड्याची मिळाली. पण मला धीर कुठला. रविवारी दुपारी स्वयंपाकघरात मी नवऱ्याला पाटावर बसवलं आणि सांगितलं की आपण कन्नडमध्ये बोलू. त्याला वाटलं माझ्या डोक्यावर परिणाम झाला. आणि अर्धा परिणाम झालाच होता. तरी तो बसला. आम्हा दोघांचंही कन्नड बाजारापुरतंच.

"याक हेळलिल्ल?" मी विचारलं. का सांगितलं नाहीत?

ओट्यावर कुकरची वाफ जिरत होती. बाहेरच्या खोलीतून सासूबाईंनी हाक मारली, "अगं, कोण आलंय बाहेरचं? च्या ठेवू काय?" घरात कन्नड ऐकून त्यांना वाटलं कोणी साहेब आला. "कोण न्हाय आत्या," मी ओरडून सांगितलं. नवऱ्याला हसू आलं. मलाही आलं, खूप दिवसांनी. आणि त्या हसण्याच्या पोटातच तो म्हणाला, "नाचिकी बंतु." लाज वाटली.

मराठीत हे त्यानं कधीच म्हटलं नव्हतं. मराठीत तो म्हणायचा, "तुला त्रास नको म्हणून," आणि ते ऐकलं की माझं टाळकं सटकायचं. लाज वाटली. शिकलेली बायको कमावते आणि आपण घरी बसलो, ह्याची. तो रोज सकाळी कुठं जायचा तेही त्या दुपारी त्यानं सांगितलं. कारखान्या-कारखान्यांच्या गेटवर, काम आहे का विचारत, आणि उरलेला दिवस एका वर्कशॉपच्या शेडखाली.

मग त्यानं मला विचारलं, त्याच दोन शब्दांच्या कन्नडमध्ये, की तुला काय झालं. मी म्हणणार होते राग आला. पण रागाला कन्नडमध्ये काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना, आणि तोंडातून दुसराच शब्द गेला. "अंजिकी." भीती. आणि मी बोलल्यावर मला कळलं की तेच खरं होतं. काम जायची भीती नव्हती. कामं जातात. सगळ्या जगाला माहीत आणि मला नाही, अशी मी बसमध्ये बसले होते, त्याची भीती होती. हे समजावून सांगायला मात्र मला मराठी लागली, आणि तासभर लागला.

तिथून पुढं आम्ही खानापूरला जात राहिलो. मी किलोमीटर बघायचं सोडलं. शर्टाचा वास घेणं लवकर सुटलं नाही, खोटं कशाला बोलू.

दिवाळीला पंधरा दिवस राहिले होते. सकाळी अकरा वाजता मी केंद्रात होते, आणि नवऱ्याचा फोन आला. कामाच्या वेळेत तो कधी फोन करत नसे. मी जिन्यात जाऊन घेतला.

"ऐक," तो म्हणाला. पाठीमागं ट्रकचा आवाज. "काम गेलं. आमच्या पाळीतल्या सहा जणांना आत्ता पावणेअकराला सांगितलं. गेटच्या बाहेर आलोय. अजून कुणालाच सांगितलं न्हाय, आईला बी न्हाय. पहिला फोन तुला केलाय."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. त्याला वाटलं फोन कट झाला.

"हाईस काय गं?"

"आहे," मी म्हटलं. "तिथंच थांबा. मी येते."

आत आले तर सर माझ्याकडं बघत राहिले. "काय झालं गं? तोंड असं का झालंय?"

"सर, नवऱ्याचं काम गेलं!" मी म्हणाले, आणि मला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू. समोर सल्ल्यासाठी बसलेल्या एका आण्णांनी आपल्या बायकोकडं बघितलं आणि खुर्ची जरा मागं ओढली.

सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. "किती वाजता गेलं?"

"पावणेअकराला."

"आणि तुला कधी कळलं?"

"अकराला."

"पंधरा मिनिटं," सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुसायला थोडा जास्तच वेळ लावला. "जा. पळ. आजची तुझी केस मी बघतो."

मी उद्यमबागेची बस पकडली. खिडकीशी बसले आणि हसतच होते. शेजारी अनगोळची एक बाई बसली होती, मांडीवर भाजीची पिशवी. तिनं दोन-तीनदा माझ्याकडं बघितलं आणि शेवटी तिला राहवेना.

"काय गं आक्का, काय गोड बातमी हाय काय?"

"व्हय," मी म्हटलं. "माझ्या नवऱ्याचं काम गेलं. आणि त्यानं मला सांगितलं."